बंद फाटकाखालून वाकून जाणारे लोक आणि नागपूरच्या आसपासची रेल्वे फाटकं

इतवारीकर (धागाकर्ता)

३ फेब्रुवारी २००५. कन्हानजवळ लग्नाच्या वऱ्हाडाने खच्चून भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली रामटेक लाइनवरच्या पॅसेंजरसमोर आली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. त्या ठिकाणी रस्ता अडवायला ना दांडा होता, ना माणूस. नागपूर जिल्ह्यात आज तिशीच्या पुढे असलेल्यांना ते दिवस आठवत असतील. त्याहून लहान असलेल्या कितीतरी जणांना असं काही घडलं होतं हेच माहीत नाही. गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसातल्या तरुण मुलांशी बोलताना हे जाणवलं, म्हणून हा धागा काढतोय.

त्यानंतर बरंच बदललं. ब्रॉडगेजवरची बिनचौकीदाराची सगळी फाटकं ३१ जानेवारी २०१९ पर्यंत संपली. कुठे पूल झाला, कुठे अंडरपास, कुठे गेटमन बसवला, कुठे दोन फाटकं मिळून एक केलं. हे खरंच मोठं काम आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्यामुळे आपली अशी समजूत झाली की फाटकावरचे अपघात आता इतिहासजमा झाले. देशात चौकीदाराची फाटकं अजून सतरा हजारांच्या आसपास आहेत. गेल्याच वर्षी, म्हणजे ८ जुलै २०२५ ला, तामिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पमला पॅसेंजरने शाळेच्या व्हॅनला उडवलं. तीन मुलं गेली. तिथे फाटक होतं, गेटमनही होता.

आणि आपल्याकडे रोज काय दिसतं? फाटक पडलं की दोन मिनिटांत दुचाकी आडव्या करून दांड्याखालून काढायला सुरुवात. पुढे बसलेलं लेकरू मान खाली घालतं, मागे बसलेली बाई उतरून वाकते आणि पलीकडे जाऊन परत बसते. सगळं इतक्या सवयीने चालतं की बघणाऱ्यालाही काही वाटेनासं झालं आहे. मला यावर मनापासून बोलायचं आहे. रेल्वेत काम केलेले, लाइनीच्या काठावर राहणारे, शेतीसाठी रोज रूळ ओलांडणारे, सगळ्यांनी लिहा.


निवृत्त_लोकोपायलट

धागा काढल्याबद्दल आभार. मी बोलणार ते फक्त इंजिनातून काय दिसतं त्याबद्दल.

फाटकाच्या ६०० मीटर आधी रुळाशेजारी एक पिवळी पाटी असते. तिच्यावर 'सी/फा' लिहिलेलं असतं, म्हणजे पुढे फाटक आहे, शिट्टी द्या. तिथून फाटक पार होईपर्यंत आम्ही हॉर्न देत राहतो. आता हिशोब करा. ताशी ११० च्या वेगाने गाडी सेकंदाला तीस मीटरपेक्षा जास्त जाते. म्हणजे पाटीपासून फाटकापर्यंत यायला वीस सेकंदही लागत नाहीत. १३० चा वेग असेल तर साधारण साडेसोळा सेकंद. नागपूरहून दुर्गकडे जाणाऱ्या लाइनवर आता १३० ने गाड्या धावतात.

आणि ब्रेक? पूर्ण इमर्जन्सी ब्रेक मारला तरी वेगातली एक्सप्रेस थांबायला किलोमीटरच्या आसपास अंतर लागतं. कोराडी-खापरखेड्याला कोळसा घेऊन येणारी भरलेली मालगाडी पाच हजार टनांच्या घरात असते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालतं, ते रस्त्यावरच्या टायरसारखं धरत नाही. लोखंडावर लोखंड सहज घरंगळतं म्हणूनच एक इंजिन एवढं वजन ओढू शकतं. त्यामुळे फाटकावर कुणी दिसलं की आमच्या हातात दोनच गोष्टी उरतात, हॉर्न आणि ब्रेक. दोन्ही करूनही गाडी त्या माणसाच्या पुढे जाऊनच थांबणार हे आम्हाला त्याच क्षणी कळलेलं असतं. स्टिअरिंग नाही आमच्याकडे.

लोक म्हणतात, ड्रायव्हरने बघून थांबवायला पाहिजे होती. बघितलेलं असतं हो. शेवटपर्यंत बघितलेलं असतं. माझ्या बरोबरीचे काही जण अशा प्रसंगानंतर महिनोन्महिने नीट झोपू शकले नाहीत. याबद्दल घरीसुद्धा कुणी बोलत नाही.


जरीपटका_७

वाचून अंगावर काटा आला. साडेसोळा सेकंद.


सावनेरचा_शेतकरी

नमस्कार मंडळी. मी शेतकरी माणूस, ट्रॅक्टर रोज चालवतो म्हणून लिहून राहिलो.

लोकोपायलट काकांनी गाडीचा हिशोब सांगितला, मी ट्रॅक्टरचा सांगतो. ट्रॅक्टर आणि मागची ट्रॉली धरून आठ-नऊ मीटर लांबी होते. दोन लाइनी पार कराच्या तर वीसेक मीटर सरकावं लागते. फाटकावर रस्ता चढाचा असते, रुळाजवळ खडबडीत असते, ट्रॉली भरून असली तं पहिल्या गिअरमध्येच चढवा लागते. पायी चालणाऱ्याच्या वेगाने निघालं तं चौदा-पंधरा सेकंद जाते. आता काकांचे साडेसोळा सेकंद अन् माझे पंधरा सेकंद शेजारी मांडून पाहा. वाचते किती? अन् ट्रॅक्टरच्या आवाजात हॉर्न ऐकू येत नाही, हे बी लक्षात घ्या. ट्रॉलीतल्या माणसाले ऐकू येते पण तो ड्रायव्हरले सांगेपर्यंत उशीर झाला राहते.

कन्हानचं जे झालं ते आमच्या भागात आजही बाया सांगतात. तवापासून आमच्या घरी नेम आहे, ट्रॉलीत माणसं बसली असली तं रुळाच्या अलीकडे सगळ्यायले उतरवाचं, रिकामी ट्रॉली पार कराची, मंग माणसं पायी येतीन. वेळ लागते. लागू दे.

आता माह्या मनातली गोष्ट. फाटकं बंद करून जागोजागी ते कमी उंचीचे अंडरपास केले. उन्हाळ्यात ठीक आहे. पावसाळ्यात त्यात पाणी भरते, कंबरेइतकं. मंग शेतकऱ्यानं काय करावं? बैलजोडी घेऊन रुळावरूनच जाते तो. कुटाराची गाडी, कडब्याची गाडी त्या अंडरपासातून निघतच नाही, वरून घासते. हार्वेस्टर तं विचारूच नका. फाटक गेलं म्हणून कागदावर धोका संपला. इथं धोका शंभर मीटर बाजूले सरकला.


हिंगणा_रोडवाला

चर्चा चांगली आहे, पण एक बाजू सुटतेय. फाटक किती वेळ बंद असतं यावर कुणी बोलणार की नाही? मनीषनगरच्या फाटकावर ज्यांनी वर्षानुवर्षं काढली त्यांना विचारा. सकाळी ऑफिसची वेळ, एक गाडी जाते, फाटक उघडेल असं वाटतं, तेवढ्यात दुसऱ्या बाजूची गाडी येते, मग मालगाडी. ॲम्ब्युलन्स अडकलेली असायची. माणूस रोजच्या रोज तिथे अडकतो तेव्हा त्याचा धीर सुटतोच. वाकून जाणारा प्रत्येक जण बेपर्वा असतो असं मी म्हणणार नाही. त्यात रोजंदारीवर जाणारे असतात, उशीर झाला तर त्यांचा अर्धा दिवस कापला जातो.

पूल झाला आणि प्रश्न सुटला. लोकांना शहाणपण शिकवून सुटला नव्हता.


इतवारीकर

हिंगणा_रोडवाला, पूल हाच खरा उपाय यावर दुमत नाही. पण पूल होईपर्यंतची जी वर्षं असतात, त्या वर्षांत माणसं मरतात. मला त्या मधल्या वर्षांबद्दल बोलायचं आहे. आणि धीर सुटणं मी समजू शकतो, पण पेट्रोलच्या टाकीवर बसवलेल्या पोराचा त्यात काय दोष?


सिग्नल_विभाग_माजी

'गेटमन मुद्दाम उघडत नाही' हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं, म्हणून फाटक कसं चालतं ते थोडं सविस्तर लिहितो.

फाटकं दोन प्रकारची. एक इंटरलॉक असलेलं. यात फाटक पूर्ण बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीला हिरवा सिग्नल मिळूच शकत नाही. आणि एकदा सिग्नल दिला की फाटकाची चावी यंत्रातच अडकते. गाडी निघून जाईपर्यंत गेटमनने ठरवलं तरी फाटक उघडत नाही. अगदीच आणीबाणी असेल तर सिग्नल परत लाल करून, ठरावीक वेळ थांबून मगच चावी सुटते. तो वेळ मुद्दाम ठेवलेला असतो, कारण गाडी सिग्नलच्या पुढे आलेली असू शकते. म्हणजे लोक ज्या माणसाला शिव्या देतात, कॉलर धरतात, त्याच्या हातात उघडणं नसतंच. रात्रपाळीला एकटा माणूस, समोर पन्नास गाड्यांचे हॉर्न आणि शिवीगाळ. त्याची जागा घेऊन बघा.

दुसरा प्रकार बिनइंटरलॉकचा. इथे सगळं फोनवर. स्टेशन मास्तर गेटमनला फोन करतो, गाडी येतेय, फाटक लाव. गेटमन फाटक लावतो आणि एक खासगी नंबर सांगतो, त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. दोघेही तो वहीत लिहितात. तो नंबर मिळाला म्हणजे फाटक बंद झालं, असं धरून गाडी सोडली जाते. इथे यंत्र कुणाला अडवत नाही, सगळी भिस्त माणसाच्या शब्दावर. सेम्मनकुप्पमचं फाटक याच प्रकारचं होतं. फाटक उघडं आणि गाडी आली.

त्या अपघातानंतर रेल्वेने जे ठरवलं त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. फाटकांवर सीसीटीव्ही, गेटमन आणि स्टेशन मास्तर यांच्या बोलण्याच्या रेकॉर्डिंगची नियमित तपासणी, आणि इंटरलॉकिंगसाठीची रहदारीची अट वीस हजार टीव्हीयूवरून दहा हजारांवर आणणं. तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची. माणूस थकतो, झोपतो, घाबरतो, लोकांच्या दबावाला बळी पडतो. इंटरलॉकिंगला यातलं काही होत नाही.


मानेवाडा_पालक

मी दोन मुलांची आई. वर व्हॅनचा उल्लेख आला म्हणून लिहिते, कारण तो माझ्या मनातून जात नाही.

२४ जुलै २०१४, तेलंगणात मेदक जिल्ह्यात मसाईपेट. शाळेची बस, बिनचौकीदाराचं फाटक, नांदेडहून येणारी पॅसेंजर. डझनाहून जास्त मुलं गेली. २६ एप्रिल २०१८, उत्तर प्रदेशात कुशीनगर, शाळेची व्हॅन, तेरा मुलं. व्हॅनच्या ड्रायव्हरच्या कानात इयरफोन होते असं तेव्हा सांगितलं गेलं. मग गेल्या वर्षीचं कडलूर. प्रत्येक वेळी सकाळची वेळ, डबे भरून दिलेले, आईने हात हलवून पाठवलेलं.

आपण व्हॅन ठरवताना काय विचारतो? महिन्याचे पैसे किती, दारापर्यंत येणार का, एसी आहे का. वाटेत रेल्वे फाटक आहे का आणि तिथे तू काय करतोस, हे मी कधी कोणत्याही पालकाला विचारताना ऐकलं नाही. आमच्या व्हॅनवाल्या दादांना मी आता सांगितलंय, फाटक बंद असेल तर थांबा, शाळेला उशीर झाला तर मी वर्गशिक्षिकेशी बोलेन, तुम्हाला कुणी बोलणार नाही. ते लगेच म्हणाले, "ताई, असं कोणी सांगतच नाही. सगळे फक्त उशीर का झाला हेच विचारतात."

उशीर का झाला हे विचारणं आपणच थांबवलं पाहिजे.


जरीपटका_७

मानेवाडा_पालक, तुमचा हा प्रतिसाद आमच्या शाळेच्या पालक ग्रुपवर टाकला तर चालेल का?


मानेवाडा_पालक

नक्की टाका.


वकील_कामठी

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण गैरसमज खूप आहेत.

रेल्वे कायदा १९८९, कलम १६०. वाहनांसाठी बंद असलेलं फाटक रेल्वेचा कर्मचारी नसलेल्या माणसाने उघडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. फाटक तोडलं तर पाच वर्षांपर्यंत. ट्रकवाले दांडा ठोकून निघून जातात आणि 'नुकसान भरपाई देऊ' म्हणतात, त्यांना हे माहीत नसतं. रुळांवर विनापरवाना जाण्यासाठी कलम १४७ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३१ फार कमी लोकांनी वाचलं आहे. चौकीदार नसलेल्या फाटकावर ड्रायव्हरने वाहन थांबवायचं, कंडक्टर किंवा सोबतच्या माणसाने खाली उतरून रुळापर्यंत चालत जायचं, दोन्ही बाजूंना गाडी येत नाही हे बघायचं आणि मग वाहन पलीकडे न्यायचं. सोबत कुणी नसेल तर ड्रायव्हरने स्वतः उतरून बघायचं. सावनेरच्या भाऊंच्या घरचा नेम आणि हे कलम जवळपास एकच आहे.

पण रेल्वेची जबाबदारी काहीच नाही असंही नाही. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने बिनचौकीदाराच्या फाटकावरच्या एका अपघातात स्पष्ट सांगितलं की अशा ठिकाणी वाजवी काळजी घेणं हे रेल्वेचंही कर्तव्य आहे, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात रेल्वेलाही जबाबदार धरता येतं. ज्यांच्या घरी असं घडलं त्यांनी 'चूक आपल्याच माणसाची, आता काय होणार' म्हणून गप्प बसू नये. आधी वकिलाला कागद दाखवा.


पूलवाला_अभियंता

वर टीव्हीयू हा शब्द आला तो समजावून सांगतो, कारण तुमच्या गावाला पूल मिळणार की नाही हे त्यावर ठरतं. चोवीस तासांत त्या फाटकावरून जाणाऱ्या रेल्वेगाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं. मोटार किंवा बैलगाडी एक धरतात, रिक्षा अर्धी. समजा पन्नास गाड्या आणि दोन हजार वाहनं, तर झाले एक लाख. एक लाखाच्या पुढे गेलं की उड्डाणपुलाचा खर्च रेल्वे आणि राज्य सरकार निम्मा निम्मा उचलायला पात्र ठरतं.

यात ग्रामीण भाग मागे पडतो. काटोल-नरखेड पट्ट्यातल्या एखाद्या फाटकावर दिवसाला गाड्या भरपूर, कारण दिल्ली-चेन्नईची मुख्य लाइन आहे, पण रस्त्यावर वाहनं थोडी. संत्र्याच्या हंगामात ती कितीतरी पट होतात, पण मोजणी हंगामात झाली नाही तर आकडा कमीच येतो. गावकऱ्यांनी मोजणी कोणत्या महिन्यात होते याकडे लक्ष द्यावं आणि हंगामात मोजा अशी लेखी मागणी करावी. माझ्या मते या धाग्यातून निघू शकणारी सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच असेल.

दुसरं, डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या सुरक्षा समितीने २०१२ सालीच सांगितलं होतं की पाच वर्षांत सगळी फाटकं, चौकीदाराची आणि बिनचौकीदाराची, दोन्ही काढून टाका. खर्चाचा अंदाज पन्नास हजार कोटी. बिनचौकीदाराची गेली, बाकीचं काम संथ आहे. वेगवान गाड्या आणि जमिनीच्या पातळीवरचं फाटक ही जोडी जमतच नाही, हे त्या अहवालाचं म्हणणं मला आजही शंभर टक्के पटतं.

अंडरपासबद्दल सावनेरच्या भाऊंनी जे लिहिलं ते खरं आहे. शहरात नरेंद्रनगरच्या अंडरपासची पावसाळ्यातली अवस्था सगळ्यांनी पाहिली आहे. खड्डा खणून रस्ता खाली नेला की पाणी तिथेच येणार. नाल्याच्या उताराने पाणी आपोआप बाहेर जात नसेल तर पंप लागतो, पंपाला वीज लागते, आणि जोराचा पाऊस आला की पहिल्यांदा वीज जाते. अंडरपास मंजूर करतानाच पाण्याचा निचरा कुठे होणार याचा नकाशा गावासमोर ठेवायला हवा. ग्रामसभेत तो मागा. हक्क आहे तुमचा.


सावनेरचा_शेतकरी

मोजणी हंगामात करा, हे भारी सांगितलं साहेब. आमच्याकडे कोणी येऊन मोजून गेलं हे आम्हाले नंतर समजते. ग्रामसभेत ठेवतो मी.


मानसशास्त्र_शिकवते

लोक वाकून का जातात यावर थोडं. नुसती बेपर्वाई म्हटलं की विचार थांबतो.

मोठी वस्तू लांबून येताना डोळ्यांना ती सावकाश येतेय असं वाटतं. विमान उतरताना तरंगत आल्यासारखं दिसतं, तसंच इंजिनाचं. हर्शेल लीबोवित्झ या अमेरिकी संशोधकाने १९८५ साली फाटकावरच्या अपघातांचं कारण सांगताना हा मुद्दा मांडला होता. शिवाय समोरून थेट आपल्याकडे येणारी गाडी आडवी सरकत नाही, फक्त आकाराने वाढते. ती वाढ आधी अगदी हळू असते आणि शेवटच्या काही क्षणांत एकदम झपाट्याने होते. आपल्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणजे 'मी बघून गेलो होतो' हे वाक्य खरं असूनही माणूस मरू शकतो.

आणि रोज वाकून गेलं, काही झालं नाही, तर मेंदू त्यालाच पुरावा समजतो.

उपाय याच समजातून निघू शकतात. मुंबईत वडाळ्याला मध्य रेल्वेने फायनलमाइल या संस्थेच्या मदतीने एक प्रयोग केला होता. रुळांखालचे ठरावीक अंतरावरचे आडवे स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे गाडी किती वेगाने ते पट्टे गिळत येतेय हे डोळ्याला समजावं. एका लांब हॉर्नऐवजी दोन तुटक हॉर्न द्यायला सांगितले, कारण मधल्या शांततेने मेंदू सावध होतो. आणि रूळ ओलांडायच्या जागी गाडी अंगावर येताना किंचाळणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याचे फोटो लावले. तिथले मृत्यू लक्षणीय कमी झाले. यात रंग आणि फलक एवढाच खर्च आहे. नागपूरच्या आसपासच्या फाटकांवर हे करायला पूल होण्याची वाट बघावी लागत नाही.


हिंगणा_रोडवाला

हे पटलं. मी दंड आणि पोलीस याच्याही विरोधात नाही, पण रोज त्या फाटकावर कोण उभं राहणार? पिवळे पट्टे तिथेच राहतात.


नवीन_सभासद_कळमेश्वर

मी फक्त वाचत होतो, एक विचारायचं होतं. वाहन रुळावरच बंद पडलं तर नेमकं काय करायचं? आमच्या गावात एकदा ट्रॉलीचा हूक निघाला होता, सगळे ढकलायलाच लागले. सुदैवाने गाडी आली नाही.


निवृत्त_लोकोपायलट

चांगला प्रश्न. आधी माणसं उतरवा. सामान, मोबाइल, पिशव्या काही घेत बसू नका. उतरल्यावर रुळापासून दूर जा, आणि जाताना गाडी ज्या बाजूने येण्याची शक्यता आहे त्या दिशेला तिरकं जा. उलट्या दिशेला पळालात तर धडकेने उडालेलं वाहन तुमच्याच अंगावर येतं. हे कुणाला सुचत नाही.

एकाने ताबडतोब गेटमनला गाठायचं. तो सिग्नल लाल करेल, स्टेशनला फोन करेल. त्याच्याकडे लाल झेंडा, दिवा आणि डिटोनेटर असतात, ते घेऊन तो गाडीच्या दिशेने धावतो. डिटोनेटर म्हणजे रुळावर बांधायचा फटाका, इंजिनाचं चाक त्यावर गेलं की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो. ब्रॉडगेजवर एक ६०० मीटरवर आणि तीन १२०० मीटरवर लावायचा नियम आहे. एकट्या गेटमनला दोन्ही दिशांना पळता येत नाही, तेव्हा तो सांगेल तसं दुसऱ्या बाजूला धडधाकट माणसाने जायचं. रुळाच्या बाजूने पळायचं, रुळांमधून नाही. हातात लाल कपडा असेल तर हलवा. काहीच नसेल तर दिवसा दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच धरा, आमच्या नियमांत तो थांबण्याचा इशारा आहे. रात्री कोणताही दिवा जोरजोरात हलवा, मोबाइलचा टॉर्चसुद्धा.

वाहन ढकलायचं ते गाडी येत नाही हे गेटमनने सांगितल्यावरच. ट्रॅक्टर गेला तर दुसरा येतो.


सिग्नल_विभाग_माजी

यात एक भर घालतो. १३९ या रेल्वेच्या नंबरवरही फोन करता येतो, पण आधी गेटमन, कारण सिग्नल लाल करायला तोच सगळ्यात जवळ आहे. प्रत्येक फाटकाला नंबर असतो, गेटच्या खोलीवर किंवा शेजारच्या खांबावर रंगवलेला. आपल्या नेहमीच्या वाटेवरच्या फाटकाचा नंबर आणि जवळचं स्टेशन लक्षात ठेवा. 'कळमेश्वरजवळचं फाटक' असं सांगितलं तर समोरच्याला शोधत बसावं लागतं.

पुढे गाड्यांची टक्कर टाळणारी कवच प्रणाली सगळीकडे आली की फाटक जवळ येताच इंजिनाचा हॉर्न आपोआप वाजेल. चांगलंच आहे. पण तोही हॉर्नच.


मानेवाडा_पालक

शनिवारी शाळेत पालकसभा आहे. मी हे मांडणार आहे: प्रत्येक व्हॅनच्या मार्गावरची फाटकं शाळेने लिहून ठेवावीत, शक्य असेल तिथे पुलाचा मार्ग घ्यावा, अंतर वाढलं तर पैसे पालकांनी द्यावेत. ड्रायव्हरच्या कानात इयरफोन नको आणि फाटकाजवळ गाणी बंद, काच खाली. फाटकामुळे झालेल्या उशिराची शिक्षा मुलाला नाही. अजून काही राहिलं असेल तर सांगा.


निवृत्त_लोकोपायलट

ताई, एक राहिलं, आणि माझ्या अनुभवात ते सगळ्यात घातक. आपल्याकडे दोन-दोन, तीन-तीन लाइनी आहेत. नागपूर-वर्धा बाजूला तर त्याहून वाढतायत. एक मालगाडी संथपणे जाते, तिचा शेवटचा डबा फाटकावरून सरकला की लोक लगेच निघतात. त्या मालगाडीच्या आडून पलीकडच्या लाइनवरची एक्सप्रेस दिसत नाही, आणि मालगाडीच्या खडखडाटात तिचा हॉर्नही ऐकू येत नाही. व्हॅनवाल्यांना एवढं सांगा: गाडी गेली हे बघून निघायचं नाही, दांडा पूर्ण वर गेला हे बघून निघायचं.


मानेवाडा_पालक

लिहून घेतलं काका. शनिवारी काय ठरतं ते इथे कळवते.


इतवारीकर

कळमेश्वर, काटोल, सावनेर, रामटेक, उमरेड, बुटीबोरी या बाजूच्या सभासदांना विनंती. तुमच्या वाटेवरचं फाटक, त्याचा नंबर, तिथे लोक वाकून जातात का, अंडरपास असेल तर पावसाळ्यात पाणी भरतं का, एवढं या धाग्यावर लिहा. पूलवाला_अभियंता मसुदा बघून देणार असतील तर मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे या दोन्हींच्या नागपूर विभाग कार्यालयांना आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला आपण एकत्र निवेदन देऊ. हंगामातली मोजणी, पिवळे स्लीपर आणि अंडरपासचा निचरा, या तीन मागण्या त्यात नक्की असतील.


पूलवाला_अभियंता

बघून देतो. निवेदनात फाटकाचा नंबर आणि किलोमीटर दोन्ही लिहा, किलोमीटर रुळाशेजारच्या खांबावर असतो. तो वाचायला रुळावर जाऊ नका, गेटमनला विचारा.